उंबऱ्याची आतली बाजू

लीलाधरचा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी रागावलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून कोणी म्हणेल, रुपचंद सरांना पहिल्यापासून सगळं कळलं होतं. काही कळलं नव्हतं.

मी अमळनेरला हायस्कुलात मराठी शिकवतो आणि महिन्यातून एकदा शाळेच्या चित्रकलेच्या हॉलमध्ये आमच्या चित्रपट मंडळाचा सिनेमा दाखवतो. मंडळाचा सचिव मी, खुर्च्या मांडणारा मी, एसटी स्टँडवरून रिळांचे डबे उचलून आणणारा मी, आणि सिनेमा संपल्यावर उभं राहून त्याचा अर्थ सांगणाराही मीच. लोक ऐकून घेतात, कारण हॉलची किल्ली माझ्या खिशात असते. आठ वर्षं मी त्यांना एकच सांगत आलो. कॅमेरा कसाही फिरवा, उलटा टांगा, पण आधी गोष्ट पाहिजे. गोष्ट नसली तर नुसती फोडणी, खाली भाजीच नाही.

लीलाधर माझाच विद्यार्थी आणि माझ्याच गावचा. नरडाण्याच्या स्टेशनापासून चार मैलांवर आमचं गाव. पोरगा हुशार, पण गणितात कच्चा. सिनेमा शिकायला पुण्याला गेला तेव्हा अख्खं गाव हसलं, मी मात्र त्याला शिफारसपत्र दिलं. शिकून आल्यावर अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याने कोणाचा तरी कॅमेरा मागून आणला, जुनी काळी-पांढरी फिल्म आणली आणि मला म्हणाला, ‘सर, आखाजीच्या सकाळी तुमच्या घरात शूटिंग करू द्याल? तुमच्या घराचा उंबरा चांगला आहे.’

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. उंबऱ्यात चांगलं काय असतं, मला समजलं नाही. पण मी हो म्हणालो. घरात माय आणि थोरल्या भावाची बायको कुंदावहिनी, दोघीच राहायच्या. माझी माय झुंबरबाई तेव्हा सत्तरीला टेकली होती. लीलाधर तिचा लाडका, कारण तो तिच्या हातचं वाढलेलं कधी पानात टाकायचा नाही. तिने त्याला एकच अट घातली, ‘मनं तोंड दखाडू नको.’ तोंड दाखवू नको. त्यानेही ते पाळलं. मार्गशीर्षात माय गेली, सिनेमा पाहायचा राहिलाच.

एकोणनव्वदच्या फाल्गुनात लीलाधर रिळं घेऊन अमळनेरला आला. सिनेमा अडतीस मिनिटांचा, नाव ‘उन्हं चढेपर्यंत’. त्या दिवशी हॉलमध्ये चाळीस माणसं होती. पडद्यावर विहिरीवरचा दोर आला, चूल आली, खापरावरचे मांडे आले. कोणी बोलत नाही, कोणी भेटत नाही, काही घडत नाही. मग आला उंबरा. कॅमेरा घराच्या आत, एका बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच, म्हणजे उंदराला दिसेल तसा उंबरा. त्याच्यावर एक हात. साडेचार मिनिटं तोच उंबरा, तोच हात.

हात माझ्या मायचा होता. मनगटावरचं गोंदण मी हजारात ओळखलं असतं. पहिलं मिनिटभर मी नुसतं ते गोंदणच बघत होतो, खोटं कशाला बोलू. पण मग खुर्च्या करकरायला लागल्या. तेलगिरणीचे मॅनेजर उठले. त्यांच्या मागून दोघं उठले. मी सचिव माणूस. माझं लक्ष पडद्यावरून दाराकडे गेलं आणि मी कोण कोण बाहेर जातंय ते बघत बसलो. परत पडद्याकडे पाहिलं तेव्हा हात निघून गेला होता आणि उंबऱ्यावर ऊन आलं होतं.

दिवे लागले तेव्हा सतरा माणसं उरली होती. त्यांच्यासमोर मी लीलाधरला धुतला. आता आठवलं की शरम वाटते. म्हणालो, ‘अरे, माझी माय किती बोलकी बाई होती! आणि तू तिला मुकी करून टाकली. या घरात गोष्ट नाही का? बहात्तरच्या दुष्काळात माझा थोरला भाऊ निंबा नरडाण्याच्या स्टेशनात सुरतेच्या गाडीत बसला. एक पत्र आलं, पुढे काही नाही. सतरा वर्षं झाली. घरात त्याची बायको कपाळाला कुंकू लावून वाट बघतेय. एवढी गोष्ट घरात बसलेली असताना तू उंबऱ्याचा फोटो काढत बसलास?’

लीलाधर खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘सर, मला वाटतं गोष्ट त्या शॉटमध्येच आहे.’

‘कुठे?’

‘ते मला नाही सांगता येणार. पण आजी कुंकवाची बोटं लावता लावता मधेच थांबल्या. तेव्हा मला कॅमेरा बंद करवला नाही.’

‘तुला सांगता येत नाही, मला दिसत नाही, मग ती गोष्ट आहे कुणासाठी?’ मी विचारलं. सतरा माणसं हसली. मला बरं वाटलं.

धुळे, जळगाव आणि अमळनेर या तिन्ही मंडळांनी मिळून एक सिनेमा पुण्याच्या महोत्सवाला पाठवायचा होता. निवड माझ्याकडे होती. लीलाधरला तेवढीच एक वाट होती, पुढचं काम मिळायचं तर त्यातूनच. मी त्याला सांगितलं, उंबऱ्याचा शॉट वीस सेकंदांवर आण, वर निंबादादाची हकीकत कोणाच्या तरी आवाजात टाक, मी पत्र देतो. त्याने रिळाचा डबा बंद केला. मग म्हणाला, ‘ठीक आहे सर. पण कापायच्या आधी एकदा गावाला दाखवू. आजींना शब्द दिला होता.’

कुंदावहिनीचाही निरोप आलाच होता. तिला आत्याबाईंचा, म्हणजे सासूचा, हात बघायचा होता.

चैत्रातल्या एका रविवारी प्रोजेक्टर मांडीवर घेऊन आम्ही एसटीने गावाला गेलो. कापूस ठेवायची खोली त्या दिवसांत रिकामी असते. तिच्या एका भिंतीला वहिनीने आधीच चुना देऊन ठेवला होता. खिडकीला गोणपाट लावलं आणि भर दुपारी अंधार केला. मी म्हणालो, आळीतल्या बायकांना बोलावू, शेजारच्या पुष्पाबाई वगैरे सकाळपासून विचारताहेत. वहिनी दारात आडवी उभी राहिली.

‘आधी मी एकलीच देखसू, भाऊ,’ ती म्हणाली. ‘मंग बाकीन्यास्नं देखूत.’

मला नवल वाटलं. वहिनी कधी कशाला आडवी येणारी बाई नव्हे. निंबादादा गेला तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. मायसोबत शेत केलं, गुरं केली. आखाजीला आमच्याकडे सगळ्या लेकी-सुना माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. माझी बायकोही दरवर्षी जाते. कुंदावहिनी मात्र एकदाही गेली नाही. सासूला सणाला एकटं टाकत नाही म्हणून गावात तिचं कौतुक व्हायचं आणि मीही चारचौघांत ते सांगायचो.

लीलाधरने प्रोजेक्टर सुरू केला. वहिनी पोत्यावर बसली, मी तिच्या शेजारी. विहीर आली, चूल आली. मांड्यांच्या वेळी ती हसली, ‘एक फाटेल शे, दखा.’ एक मांडा फाटला होता, मला तो अमळनेरला दिसला नव्हता. मग उंबरा आला आणि ती पुढे सरकली.

मायचं बोट कुंकवात बुडालं आणि उंबऱ्यावर टेकलं. काळ्या-पांढऱ्यात कुंकू काळं दिसत होतं. वहिनी अगदी हळू पुटपुटली, ‘चुडामण आबा.’ दुसरं बोट. ‘सुगंधाबाई.’ तिसरं. ‘कौतिक नाना.’

वहिनी पितरांची नावं घेत होती. आखाजीच्या सकाळी बायका उंबरा पुजतात, पितरांना बोलावण्यासाठी एकेका नावाने कुंकवाचं एकेक बोट लावतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते ऐकून माहीत होतं. मी आखाजीला घरी पोचायचो तो जेवणाच्या वेळेला. घागर पुजलेली असायची, चुलीत पितरांचा घास पडलेला असायचा, पानं मांडलेली असायची. पंचेचाळीस वर्षांत मी ती बोटं कधी मोजली नव्हती. अमळनेरला मी साडेचार मिनिटं नुसता हात पाहिला, आणि तोही पुरता नाही.

चौथं बोट, ‘बेबाबाई.’ पाचवं, ‘चिंधा काका.’ सहावं जरा सावकाश टेकलं, ‘तोताराम आबा.’ ते माझे वडील. आमच्या घरातले गेलेले एवढेच.

मायचा हात परत कुंकवाकडे गेला. बोट बुडवलं. हात उंबऱ्यावर आला आणि तिथेच थांबला. वहिनी आता काही पुटपुटत नव्हती. प्रोजेक्टरची खडखड तेवढी चालू होती. मला वाटलं, हात आता मागे जाईल. तो मागे गेला नाही. तो हळूच उंबऱ्याच्या आतल्या अंगाला उतरला, जिथे बाहेरून येणाऱ्याची नजर पोचत नाही, आणि खाली, जमिनीला लागून, एक बोट टेकवून वर आला. त्या उंदराच्या नजरेची मी चेष्टा केली होती. कॅमेरा तेवढा खाली नसता तर ते दिसलं नसतं.

सातवं बोट कोणाचं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माय निंबादादाला गेलेल्यांत धरत होती! आणि ते लपवून करत होती, कारण वर सगळ्यांसारखं उघड बोट लावलं असतं तर त्याच दिवशी घरातल्या सुनेचं कुंकू पुसलं गेलं असतं. आणि ती सून माझ्या शेजारी बसून ते बघत होती. मी झटकन उठलो, प्रोजेक्टरसमोर आडवा झालो. पडद्यावर माझीच सावली पडली.

‘वहिनी,’ मी म्हणालो, ‘मायनं नुसतं... बोटवरलं कुंकू पुसं आसीन तिनं.’

‘बशी जा, भाऊ,’ वहिनी म्हणाली. ‘दिखू द्या माले.’

मी बसलो. पडद्यावर उंबऱ्यावर ऊन आलं. वहिनीने डोळ्यांना पदर लावला नाही, काही नाही. रीळ संपून शेपूट फटफट वाजायला लागलं तेव्हा तिने विचारलं, ‘भाऊ, आपला घरमा उंबरा कोन पुसस?’

मी लीलाधरकडे पाहिलं.

‘चौदा साल झाया,’ ती म्हणाली. ‘तुमना दादा गया त्यानं तिसरा साले माले ते बोट दिखनं. आळीन्या बाया पाया पडाले येतीन, कोनी वाकीसन देखं तं? मी ओलं फडकं लिसन पुसी टाकं. मंग दर साले आसंच. आत्याबाई लावेत, मी पुसू.’

‘मायला माहीत होतं? तू पुसतेस ते?’ धक्क्याने मी शाळेतलं मराठी बोलायला लागलो होतो.

‘कधी बोलनूत नही आम्ही,’ ती म्हणाली. ‘एक साले मी तापमा पडेल व्हती. पुष्पाबाई म्हने, मी पुसी देस उंबरा. आत्याबाईस्नी तिले हात लावू दिधा नही. मालेच उठाडं. म्हने, कुंदा, ऊठ, तू पुस. दुसराना हात नको लागाले.’

सुरतेहून कोणी काही सांगून गेलं होतं की मायचं मनच म्हणालं, ते वहिनीलाही ठाऊक नव्हतं. तिने कधी विचारलं नाही. आखाजीला ती माहेरी का जात नव्हती, ते मात्र मला आता कळलं. इतकी वर्षं मी ज्याचं कौतुक सांगत फिरलो ते भलतंच होतं.

लीलाधर कोपऱ्यात उभा होता, त्याचा चेहरा पडला होता. ‘काकू,’ तो म्हणाला, ‘मला खरंच माहीत नव्हतं. मी तो तुकडा कापून टाकतो. आत्ताच्या आत्ता.’

‘कापशी तं आत्याबाईना हात मी कोठे देखसू?’ वहिनी म्हणाली. मग जरा विचार करून, ‘गावमा नका दखाडू. आठे गावन्या सगळ्या बाया बोटं मोजतीन. शहरमा दखाडा. तठे कोन मोजस?’

पुष्पाबाईंना आम्ही मशीन बिघडलं म्हणून सांगितलं. संध्याकाळच्या एसटीने आम्ही अमळनेरला परतलो. घरी आल्यावर मी पुण्याचं पत्र लिहायला बसलो. मला पत्रात अर्थ सांगायची सवय, दोन पानं सहज होतात. त्या दिवशी एकच ओळ लिहिली: ‘या चित्रपटातली एकही चौकट कापू नये.’

पण त्याआधी सिनेमा धुळ्याच्या मंडळात दाखवायचा होता. वाचनालयाचा हॉल, साठेक माणसं. मी अगदी पुढे बसलो आणि सबंध साडेचार मिनिटं मान वळवली नाही. मागे खुर्च्या करकरत होत्या, करकरू दिल्या. दिवे लागल्यावर बँकेतले एक साहेब उभे राहिले. अंगावर इस्त्रीचा शर्ट, आवाज माझ्यासारखाच.

‘सर, तुम्ही तर गोष्टीचे पुरस्कर्ते. याच्यात गोष्ट कुठे आहे? उंबरठा दाखवून दिग्दर्शकाला म्हणायचंय काय?’

हॉल माझ्याकडे बघायला लागला. मला उत्तर येत होतं. आठ वर्षांत पहिल्यांदा इतकं नेमकं उत्तर येत होतं, एका वाक्यात सगळ्यांना गप्प केलं असतं. लीलाधर माझ्या तोंडाकडे बघत होता. पण ती गोष्ट माझी नव्हती. ती वहिनीची होती आणि चौदा वर्षं तिने ती पुसून झाकली होती.

‘हात बघायचा,’ मी म्हणालो. ‘परत पाहाल तेव्हा नुसता हात बघा.’

‘म्हणजे शैली,’ साहेब म्हणाले आणि समाधानाने बसले. लोक हसले. त्या हसण्याचा मला राग आला नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं.

माणसं पांगली तेव्हा मागच्या रांगेत एक म्हातारी बसून होती. कोणाची तरी आजी असावी, नऊवारी, हातात कापडी पिशवी. मी खुर्च्या गोळा करत तिच्याजवळ गेलो. तिने मला आणखी जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘भाऊ, त्या घरमा वहू शे का?’

घरात सून आहे का. तिने बाकी काही विचारलं नाही. हात कोणाचा, गाव कोणतं, सातवं बोट कोणाचं, काही नाही.

‘शे,’ मी म्हणालो.

‘मंग बराबर शे,’ ती म्हणाली आणि पिशवी घेऊन उठली.

मी खुर्चीवर बसून राहिलो. सबंध हॉलमध्ये गोष्ट त्या एकटीला दिसली होती, आणि तिला ती कोणी सांगितली नव्हती. लीलाधरलाही न कळता ती त्याच्या कॅमेऱ्यात आली होती, कारण तो तिथे शांत बसला आणि घाई केली नाही. मी त्यात आवाज टाकायला निघालो होतो. तसं केलं असतं तर आवाज ऐकू आला असता आणि बोट कोणालाच दिसलं नसतं. सिनेमात गोष्ट पाहिजे, हे मी अजूनही म्हणतो. ती मी सांगितली पाहिजे, हे म्हणणं मात्र त्या दिवशी सोडलं.

त्या वर्षी आखाजीला बायको माहेरी गेली आणि मी आदल्या संध्याकाळीच गावाला पोचलो. वहिनीने का आलात म्हणून विचारलं नाही. सकाळी न्हाऊन ती कुंकवाची वाटी घेऊन दाराशी बसली. हे काम आता तिच्याकडे आलं होतं. मी आत, कॅमेरा होता त्या जागी, भुईवर बसलो.

तिने बोटं लावली. मी मनात नावं घेतली. चुडामण आबा, सुगंधाबाई, कौतिक नाना, बेबाबाई, चिंधा काका, आबा. सातवं बोट मायचं. ते टेकलं तेव्हा मला रडू आलं. मी ते आवरलं नाही.

मग तिने परत बोट बुडवलं. हात उंबऱ्यावर थांबला. मायचा थांबला होता त्याहून जास्त वेळ थांबला असेल. तिच्या कपाळावरचं कुंकू नुकतंच लावलेलं, ओलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. हात आतल्या अंगाला उतरला, बोट टेकलं, वर आला.

वहिनी उठली, वाटी घेऊन घागर पुजायला आत निघाली. माझ्याजवळून जाताना म्हणाली, ‘फडकं बादलीमा शे, भाऊ.’

मी फडकं पिळलं. दाराशी वाकलो. दादाच्या बोटावर आधी नुसता हात ठेवला, मग पुसून काढलं. एकदा पुसून गेलं नाही, दोनदा पुसावं लागलं. मान वर केली तर समोरून पुष्पाबाई घागर घेऊन येत होत्या. मला दारात फडकं घेऊन बसलेलं पाहून त्या थबकल्या.

‘काय मास्तर, आज तुम्ही उंबरा पुसी राहिनात? काय झायं?’

‘काही नही, अक्का,’ मी म्हणालो. ‘पानी सांडनं व्हतं.’